दप्तर

चर्चच्या तळघरात, बॉयलरच्या पलीकडे
आमचं दप्तर आहे.
दर गुरुवारी, चार ते सात.
ओल शोषणारं यंत्र कोपऱ्यात घरघरतं,
त्याचं भांडं भरलं की मीच उचलते
आणि बाहेर हायड्रेंजियाच्या बुंध्याशी रिकामं करते.
बत्तीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली मी.
कोण कुठल्या थांब्यावर उतरतं
एवढंच मला नीट येतं.

खोका सात.
क्रॅनबेरी ओरबाडायची लाकडी फणी,
अठरा दात, दोन तुटलेले,
मुठीपाशी कुणाच्या तरी अंगठ्याएवढी झीज.
खोका नऊ.
गुडघ्यांना बांधायची गोणपाटं.
'धुऊ नयेत' अशी चिठ्ठी मी वर लावलीये,
माझ्या आईनं पाहिली असती तर
आधी धुतली असती, मग मला धुतलं असतं.

ब्राव्हा बेटावरून आलेली पत्रं मात्र
सगळी एकाच अक्षरात आहेत.
गावात लिहिता येणारा एकच होता.
त्यामुळे तिथल्या प्रत्येक बाईला नवऱ्याची आठवण
अगदी त्याच शब्दांत यायची,
आणि शेवटी हटकून,
'बकरी व्यायली.'

जहाजातून दा रोझा उतरले,
बंदराच्या फाटकातून रोझ होऊन बाहेर पडले.
त्या दोन नावांमध्ये एक टेबल होतं, एक टाक,
आणि जेवायची वेळ झालेला एक कारकून.
त्या टेबलाचा फोटो आमच्याकडे नाही.

खोका अकरा, टेप तीन. झुल्मिरा तावारेस, १९८३.
मागं कोंबडा आरवतो, मक्याच्या कण्या रटरटतात.
ती संपाबद्दल सांगते:
तासाला किती सेंट मागितले,
कुठल्या खळ्यावर बैठक भरली.
त्या सकाळी मालकाच्या ट्रकमध्ये कोण चढलं?
(शांतता, एक्केचाळीस सेकंद.)
कण्या रटरटतात.
मग ती म्हणते, एव्हारिस्तो.
वरच्या गल्लीतला, मोंतेइरो.

त्याचा मुलगा आला गेल्या मार्चमध्ये.
लिबानियो, अठ्ठ्याऐंशीचा, टोपी हातात,
जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत.
म्हणाला, बापाचं नाव काढ.

आपल्यात पोरगं बापाचं नाव काढतं
म्हणजे मोठं होतं, चार लोकांत मान मिळवतं.
हा बिचारा खोडरबर मागत होता.

खोडता येत नाही, मी म्हटलं,
पण जोडता येतं.
कागद दिला, पेन्सिल दिली. इथं पेन चालत नाही.
पेन्सिल पुसली जाते ना? त्यानं विचारलं.
पुसली जाते, पण शाईसारखी उडत नाही.

दोन गुरुवार लागले त्याला.
अर्धं इंग्रजी, अर्धं क्रिओलो,
अक्षरं फणीच्या दातांसारखी, मधे मधे गाळलेली.
वर लिहिलं: काढून टाकावे.
खाली लिहिलं: कार्लोटा तेव्हा तीन वर्षांची होती,
छातीत कफ, दूधवाल्याची उधारी बंद.
बाबा ट्रकमध्ये चढले तेव्हा
त्यांनी टोपी डोळ्यांपर्यंत ओढली होती.
मी खिडकीतून हात हलवला.
मला वाटलं, ट्रकमधून फिरायला चाललेत.

मी त्याच्या देखत आकडा घातला:
खोका अकरा, टेप तीनसोबत ठेवणे.
तो काही बोलला नाही.
टोपी घातली, पुन्हा काढली.

कार्लोटाचं काय झालं
हे पत्रात नाही. मी विचारलंही नाही.

पुढच्या आठवड्यात झुल्मिराची नात आली,
कामावरून थेट, दवाखान्याचे बूट पायात.
कानाला हेडफोन लावून आजी ऐकली,
कोंबड्याला हसली.
मग ते पत्र उघडलं.
तिचं बोट एका ओळीवर थांबलं,
तिथंच राहिलं.

किती वेळ, ते मी मोजलं नाही.
भांडं भरलं होतं.
मी ते उचललं आणि
न हिंदकळता
जिना चढायला लागले.